एक विद्यार्थिनी, एक बेत आणि एक फोन

१९७१ सालचा जून महिना. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर कोल्ड स्प्रिंग हार्बर नावाची एक प्रसिद्ध जीवशास्त्रीय प्रयोगशाळा आहे. दर उन्हाळ्यात तिथं छोटे अभ्यासवर्ग भरतात. त्या वर्षी एका वर्गात प्राण्यांच्या पेशी काचेच्या बशीत कशा वाढवायच्या हे शिकवलं जात होतं. शिकवणारे होते रॉबर्ट पोलॅक. नुसतं तंत्र शिकवून ते थांबत नसत. प्रयोग करताना कोणती काळजी घ्यायची, कोणते प्रयोग करावेत आणि कोणते करण्यापूर्वी थांबून विचार करावा, यावरही ते वर्गात चर्चा घडवत.

या वर्गाला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातून जॅनेट मर्ट्झ ही विद्यार्थिनी आली होती. पॉल बर्ग यांच्या हाताखाली ती पीएच.डी. करत होती. चर्चेच्या ओघात आपण पुढे काय करणार आहोत हे तिनं सहज सांगितलं. एसव्ही-४० या विषाणूचा डीएनए ई-कोलाय या जीवाणूत घालायचा आणि तो तिथं टिकतो का, वाढतो का, हे पाहायचं.

पोलॅक दचकले. काही दिवसांतच त्यांनी थेट बर्ग यांना फोन लावला.

आज जगभरातले विद्यार्थी जीवाणूंच्या जनुकांत फेरफार करण्याचे प्रकल्प करतात. आपल्या देशातल्या महाविद्यालयांतही ते होतात. अशा प्रकल्पांच्या सुरुवातीला ‘जैवसुरक्षा’ नावाचा एक अर्ज भरावा लागतो. तो अर्ज कंटाळवाणा वाटतो हे खरं. पण त्याचा इतिहास मात्र मुळीच कंटाळवाणा नाही. तो सुरू होतो या फोनपासून.

पोलॅक का दचकले?

एसव्ही-४० हा माकडांत आढळणारा विषाणू. तो १९६० साली सापडला, आणि सापडला तो अडचणीच्या जागी. पोलिओची लस तयार करण्यासाठी माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशी वापरत. त्या पेशींत हा विषाणू लपलेला होता. १९५५ ते १९६३ या काळात अमेरिकेत दिल्या गेलेल्या पोलिओच्या लशींपैकी काही लशींतून तो लाखो लोकांच्या शरीरात गेला होता. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पिल्लांना तो टोचला की गाठी होत. काचेच्या बशीत वाढवलेल्या माणसाच्या पेशींतही तो कर्करोगासारखे बदल घडवून आणी. माणसात त्याच्यामुळे कर्करोग होतो असा ठाम पुरावा पुढच्या अनेक वर्षांच्या अभ्यासात मिळाला नाही. पण १९७१ साली हे कोणालाच माहीत नव्हतं.

आणि ई-कोलाय? तो तर तुमच्या-माझ्या आतड्यातला रहिवासी.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूची जनुकं आतड्यात राहू शकणाऱ्या जीवाणूत घातली, तो जीवाणू प्रयोगशाळेतून कोणाच्या तरी पोटात गेला आणि तिथं वाढू लागला तर? त्या काळी जीवाणू असलेला द्रव तोंडानं ओढून पिपेटमध्ये घेण्याची पद्धत सर्रास होती. तेव्हा पोटापर्यंतचा रस्ता काही फार लांबचा नव्हता.

बर्ग यांना हा फोन सुरुवातीला आवडला नाही. आपल्या प्रयोगात धोका आहे असं परक्या माणसानं सांगावं, हे कोणाला रुचेल? पण त्यांनी प्रश्न झटकून टाकला नाही. ओळखीच्या अनेक शास्त्रज्ञांना त्यांनी विचारलं. कुणालाही धोका आहे असं खात्रीनं सांगता येईना, आणि नाही असंही सांगता येईना. शेवटी तो प्रयोग बाजूला ठेवायचं ठरलं. बर्ग यांच्या गटानं १९७२ साली दोन वेगवेगळ्या ठिकाणचे डीएनए परीक्षानळीत जोडून दाखवले. याच मालिकेतल्या कामासाठी त्यांना १९८० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पण जोडलेला तो डीएनए त्यांनी जीवाणूत घातला नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोलॅक हे जॅनेटचे मार्गदर्शक नव्हते. बर्ग यांच्यावर त्यांचा कसलाही अधिकार नव्हता. कायदा नव्हता, नियम नव्हता, समिती नव्हती. होतं ते एवढंच: एका विद्यार्थिनीनं आपला बेत मोकळेपणानं सांगितला आणि ऐकणाऱ्यानं ‘पण समजा...’ असं विचारलं.

कात्री स्वस्त झाली

प्रश्न तिथंच मिटला असता. कारण दोन डीएनए जोडण्याची बर्ग यांची रीत फारच किचकट होती. मोजक्याच प्रयोगशाळांना ती जमली असती. पण १९७२ मध्येच परिस्थिती बदलली, आणि ती बदलण्यात जॅनेट मर्ट्झचाच हात होता. रॉन डेव्हिस यांच्याबरोबर काम करताना तिला आढळलं, की ‘इको-आर-वन’ नावाचं विकर डीएनए सरळ कापत नाही. ते तिरपा छेद घेतं. त्यामुळं कापलेल्या टोकांना एकेरी धाग्याची छोटी शेपटी उरते आणि अशा दोन शेपट्या एकमेकींना आपण होऊन चिकटतात. डीएनए बेडकाचा असो की जीवाणूचा, या कात्रीनं कापला की टोकं सारखीच. मग जोडणी सोपी.

पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी प्लाझ्मिड, म्हणजे जीवाणूतलं डीएनएचं छोटं कडं, या कात्रीनं कापलं. त्यात दुसरं जनुक जोडून ते ई-कोलायमध्ये घातलं. जीवाणू वाढला, आणि त्याबरोबर जोडलेलं जनुकही वाढलं. जे कालपर्यंत दोन-चार तज्ज्ञांना जमलं असतं, ते आता हुशार पदवीधर विद्यार्थ्यालाही जमणार होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये बॉयर यांनी एका परिषदेत हे सांगितलं, तेव्हा पोलॅकना पडलेला प्रश्न सभागृहातल्या अनेकांना पडला. परिषदेच्या वतीनं मॅक्सिन सिंगर आणि डीटर सॉल यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीला पत्र लिहिलं आणि ते सर्वांना वाचता यावं म्हणून ‘सायन्स’ या साप्ताहिकात छापलं. जुलै १९७४ मध्ये त्याहून धीट पत्र आलं. त्यावर अकरा शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. त्यांत बर्ग होते, बॉयर आणि कोहेन होते, डीएनएची रचना शोधणारे वॉटसनही होते. त्यांनी जगभरच्या सहकाऱ्यांना विनंती केली, की दोन प्रकारचे प्रयोग सध्या थांबवा. जीवाणूंना प्रतिजैविकांना दाद न देण्याची किंवा विष तयार करण्याची नवी क्षमता देणारे, आणि प्राण्यांच्या विषाणूंचे डीएनए जीवाणूत घालणारे.

सही करणाऱ्यांपैकी काही जण स्वतःच या प्रयोगांच्या उंबरठ्यावर उभे होते. आपल्याच हातातलं काम आपणच थांबवा असं ते म्हणत होते. आणि ही विनंती पाळली गेली.

दोन भिंती

पण थांबायचं कुठवर? हे ठरवण्यासाठी फेब्रुवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असिलोमार इथं सुमारे दीडशे लोक जमले. बहुतेक शास्त्रज्ञ, शिवाय काही वकील आणि पत्रकार. साडेतीन दिवस कडाक्याचे वाद झाले. कुणाला सगळं खुळचट वाटत होतं, कुणाला बंदी हवी होती. वकिलांनी मात्र एक साधी गोष्ट सांगितली: तुमच्या प्रयोगशाळेतल्या कामगाराला काही झालं, तर जबाबदार तुम्ही.

शेवटी जे ठरलं त्याचा गाभा असा: प्रयोगाचा धोका जेवढा मोठा, तेवढी बंदिस्ती पक्की. ही बंदिस्ती दोन भिंतींची. पहिली भिंत खोलीची. साध्या प्रयोगाला साधी प्रयोगशाळा चालेल, पण तिथं खायचं-प्यायचं नाही, हात धुतल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. धोका वाढला की हवेचा प्रवाह आत खेचणारं कपाट, कुलपाची दारं, असं चढत जायचं.

दुसरी भिंत खुद्द जीवाणूच्या अंगात. ही कल्पना सिडनी ब्रेनर यांनी जोरानं मांडली. प्रयोगासाठी असा दुबळा जीवाणू वापरा, की तो खोलीबाहेर जगूच शकणार नाही! रॉय कर्टिस यांनी असा जीवाणू घडवला. त्याला स्वतःची भिंत बांधण्यासाठी डायअमिनोपिमेलिक आम्ल बाहेरून पुरवावं लागे. आतड्यातल्या पित्तानं तो मरे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला १९७६ मध्ये दोनशे वर्षं झाली, म्हणून त्याचं नाव ठेवलं ‘काय-१७७६’. तो इतका नाजूक निघाला, की प्रयोगशाळेत त्याला जिवंत ठेवणं हेच एक काम होऊन बसलं!

जून १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं या विचारांवर आधारलेली नियमावली जाहीर केली. आज आपण जैवसुरक्षेच्या पहिल्या ते चौथ्या पातळीविषयी ऐकतो. त्या पातळ्यांना पक्का आकार मिळाला तो याच काळात.

असिलोमारमध्ये एक उणीव होती, आणि ती तेव्हाही काहींनी दाखवून दिली. ज्यांच्या हातून हे प्रयोग प्रत्यक्ष होणार, ज्यांना धोका सर्वांत जवळचा, ते तंत्रज्ञ, विद्यार्थी, भांडी धुणारे, झाडलोट करणारे यांची बाजू मांडायला तिथं कोणी नव्हतं. ज्यांच्या गावात प्रयोगशाळा, ते गावकरीही नव्हते.

गावकऱ्यांनी विचारलं तेव्हा

ही उणीव लगेचच पुढे आली. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन्ही विद्यापीठांचं गाव म्हणजे केंब्रिज. १९७६ च्या उन्हाळ्यात हार्वर्डनं असे प्रयोग करण्यासाठी खास प्रयोगशाळा बांधायचं ठरवलं. नगराध्यक्ष होते अल्फ्रेड वेलुची. त्यांनी नगरसभेतच शास्त्रज्ञांना उभं केलं आणि प्रश्नांची सरबत्ती केली. प्रयोग काही महिने थांबवण्यात आले.

नगरसभेनं पुढं काय केलं पाहा. सामान्य नागरिकांची एक समिती नेमली. त्यात परिचारिका असलेली एक ख्रिस्ती जोगीण होती, एक स्थापत्य अभियंता होता, घरं उबदार ठेवण्यासाठी लागणाऱ्या तेलाचा व्यापार करणारा एक जण होता. डीएनएवर संशोधन करणारं कुणीही नव्हतं. या लोकांनी अनेक महिने संध्याकाळी बसून दोन्ही बाजू ऐकल्या, प्रयोगशाळा पाहिल्या, जीवशास्त्र शिकून घेतलं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी अहवाल दिला: प्रयोग होऊ द्यावेत, मात्र राष्ट्रीय नियमांवर आणखी काही अटी घालाव्यात. त्याप्रमाणे गावाचा कायदा झाला.

ज्यांना विज्ञान कळत नाही त्यांना विचारून काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना केंब्रिजनं उत्तर दिलं. नीट समजावून सांगितलं तर लोकांना कळतं, आणि कळलं की ते शहाणपणानं ठरवतात.

भीती खरी ठरली का?

नाही. पुढच्या काही वर्षांत लक्षात आलं, की प्रयोगशाळेत वापरला जाणारा ई-कोलायचा के-१२ हा वाण पिढ्यान्पिढ्या काचेच्या नळीत वाढून एवढा मवाळ झालाय, की आतड्यात तो फार टिकतच नाही. जोडलेल्या जनुकांमुळं साथी आल्या नाहीत. १९७८ नंतर नियम टप्प्याटप्प्यानं सैल झाले. जीवाणूंकडून तयार करून घेतलेलं माणसाचं इन्सुलिन १९८२ मध्ये बाजारात आलं. मधुमेहाच्या रुग्णांना ते आजही उपयोगी पडतं आहे.

मग एवढा खटाटोप वायाच गेला का? तसं म्हणता येणार नाही. के-१२ निरुपद्रवी आहे हे कळलं, कारण कुणीतरी तो प्रश्न विचारून तपासून पाहिला. आज विद्यार्थ्यांच्या हाती हाच वाण निर्धास्तपणे दिला जातो, तो या तपासणीच्या भरवशावर.

आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याखाली १९८९ मध्ये जनुकबदल केलेल्या जीवांसाठी नियम आले. १९९० मध्ये जैवतंत्रज्ञान विभागानं मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०१७ मध्ये त्या नव्यानं मांडल्या. असं संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. तिच्यात एक वैद्यकीय डॉक्टर आणि जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधीही असतो. म्हणजे पोलॅकनी आपण होऊन जे विचारलं, ते विचारणारी माणसं आता नेमून दिलेली असतात.

केळ्याच्या वासाचे जीवाणू

जानेवारी २००३ मध्ये एमआयटीनं विद्यार्थ्यांसाठी एक छोटा वर्ग घेतला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जसे तयार सुटे भाग जोडून रेडिओ बनवतात, तसे जनुकांचे तयार तुकडे जोडून जीवाणूला नवं काम शिकवता येईल का? या विचाराला आता संश्लेषी जीवशास्त्र म्हणतात. २००४ च्या उन्हाळ्यात पाच विद्यापीठांचे संघ यासाठी एकत्र आले. त्यातून ‘आयजेम’ ही स्पर्धा वाढली. आता तीत दरवर्षी तीनशेहून अधिक संघ असतात. शाळकरी मुलांचेही असतात. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या विद्यार्थ्यांनीही त्यात भाग घेतला आहे.

मुलं काय काय करतात! २००६ मध्ये एमआयटीच्या संघानं ई-कोलायची दुर्गंधी घालवून त्याला वाढताना विंटरग्रीनचा आणि वाढ थांबल्यावर पिकल्या केळ्याचा वास दिला. त्याच वर्षी एडिंबरो विद्यापीठाच्या संघाला बांगलादेशातल्या विहिरी दिसत होत्या. तिथल्या पाण्यात आर्सेनिक असतं आणि ते ओळखणं गरिबांच्या आवाक्याबाहेर असतं. या मुलांनी असा जीवाणू घडवला, की पाण्यात आर्सेनिक असेल तर त्याच्याभोवतीच्या द्रवाची आम्लता बदलावी. दर्शक टाकला की रंगावरून कळेल.

कल्पना सुरेख आहे, हेतू तर त्याहून सुरेख. पण आता पोलॅकचा प्रश्न विचारून पाहा. ही नळी खेड्यात गेली म्हणजे जनुकबदल केलेला जिवंत जीवाणू प्रयोगशाळेबाहेर गेला. वापरून झाल्यावर नळी कुठं टाकणार? फुटली तर? त्या गावाला कोणी विचारलं का? जीवाणूत खुणेसाठी प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक असेल, तर ते नाल्यातल्या दुसऱ्या जीवाणूंकडे जाईल का? स्पर्धेच्या नियमांनुसार जनुकबदल केलेला कोणताही जीव प्रयोगशाळेबाहेर नेता येत नाही. प्रत्येक संघाला कोणता जीव, कोणते तुकडे, कोणती काळजी, हे आधी लिहून द्यावं लागतं. हेतू चांगला आहे म्हणून प्रश्न टळत नाही. एडिंबरोच्या कामाचा पुढचा टप्पा अडला तो मुख्यतः इथंच.

वहीवरून घरी

नव्या, विचित्र जीवांकडे लक्ष देताना जुने, ओळखीचे जीव विसरता कामा नयेत. ऑगस्ट २०१० ते जून २०११ या काळात अमेरिकेतल्या ३८ राज्यांत १०९ लोक साल्मोनेला जीवाणूनं आजारी पडले. एक जण दगावला. शोध घेतल्यावर धागा पोचला तो सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि रोगनिदान करणाऱ्या प्रयोगशाळांपर्यंत. शिकवण्यासाठी विकत मिळणारा जीवाणूचा वाणच आजाऱ्यांत सापडला. जनुकांत कोणीही काही जोडलेलं नव्हतं. आजाऱ्यांत काही लहान मुलं होती. ती कधी प्रयोगशाळेत गेलीच नव्हती. त्यांच्या घरातलं कोणीतरी तिथं काम करत होतं. प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेलं पेन, वही, दप्तर यांवरून जीवाणू घरी जाऊ शकतो. २०१४ आणि २०१७ मध्ये असंच पुन्हा घडलं.

चौथ्या पातळीच्या कुलूपबंद प्रयोगशाळेचं चित्र डोळ्यांसमोर आणणं सोपं आहे. प्रयोगाची वही घरी न्यायची नाही, हे लक्षात ठेवणं अवघड आहे.

आपल्या वर्गात

शाळेत कोणी जनुकं जोडत नाही. पण उकडलेल्या बटाट्याच्या कापावर किंवा अगारवर हातावरचे जंतू वाढवण्याचा प्रयोग अनेक शिक्षक करतात, आणि तो करावाच. फक्त बशी एकदा चिकटपट्टीनं बंद केली की पुन्हा उघडायची नाही, झाकणातूनच पाहायचं. थुंकी, जखम, गटार यांतले नमुने घ्यायचे नाहीत. तापमान तिशीच्या आत ठेवायचं. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, माणसाला त्रास देणारे जंतू जोमानं वाढतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीचं तापमानच तिथं पोचतं, तेव्हा हा प्रयोग हिवाळ्यातला. शेवटी सगळं प्रेशर कुकरमध्ये पंधरा पौंड दाबाखाली वीस मिनिटं ठेवायचं. त्या वेळी आतलं तापमान १२१ अंश होतं आणि बीजाणूही मरतात. मात्र हा कुकर पुन्हा भातासाठी वापरायचा नाही.

पण ही यादी भिंतीवर चिकटवून काम संपत नाही. ती पाठ करून घेण्याऐवजी मुलांकडूनच काढून घेता येईल. प्रयोगाआधी विचारा: यात काय वाढेल? ते बशीबाहेर आलं तर कोणापर्यंत पोचेल? झाल्यावर याचं काय करायचं? मुलं उत्तरं शोधतात, आणि कधी आपल्याला न सुचलेला प्रश्नही विचारतात.

एखादी विद्यार्थिनी डोळे चमकवत आपला बेत सांगायला येते. तो बेत धोक्याचा वाटला तर ‘असलं काही करायचं नाही’ असं म्हणणं सर्वांत सोपं असतं. तिनं पुढच्या वेळी काही सांगितलंच नाही, तर मात्र आपण सुरक्षिततेची सर्वांत महत्त्वाची भिंत पाडलेली असते. जॅनेट मर्ट्झनं आपला बेत भर वर्गात सांगितला, कारण त्या वर्गात तो सांगता येत होता. तिच्यावर कोणी ओरडलं नाही, तिला कोणी अडाणी म्हटलं नाही, तिचं संशोधनही थांबलं नाही. तिला फक्त एक प्रश्न मिळाला, आणि त्या प्रश्नानं पुढं जगाचे नियम घडवले.